घरचं काम, हंगामी काम, मुंबईचं काम: कोकणात नोकरी शोधताना स्वतःची माहिती कशी मांडावी

कोकणातल्या माणसाला विचारा, "आतापर्यंत काय काम केलंत?" उत्तर येतं, "तसं काही नाही, घरचीच बाग बघतो." त्या घरच्या बागेत फवारणीचं वेळापत्रक असतं, काढणीला माणसं जमवणं असतं, पेट्या भरणं असतं, वाशीच्या दलालाशी फोनवर हुज्जत असते आणि शेवटी पट्टी (दलालाकडून येणारा विक्रीच्या हिशेबाचा कागद) आली की तिचा हिशेब असतो. एवढं सगळं करणारा मुलगा बायोडेटात मात्र "अनुभव: नाही" असं लिहितो. समोरच्या मालकाला किंवा एचआरला हे कळणार कसं? त्याच्यापुढे कागद असतो, आणि कागदावर "नाही" लिहिलेलं असतं.

पहिल्यांदाच नोकरी शोधणारे, हंगामी कामं करून आता कायमचं काम बघणारे, मुंबईहून गावी परतलेले आणि संसारात काही वर्षं गेल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या बाया, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. तुम्ही जे केलंय ते दिसेल असं मांडा, आणि जे केलेलं नाही ते केल्याचं दाखवू नका. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

पायरी 1: आधी वहीत उतरवा

सायबर कॅफेत जाऊन तयार नमुन्यात नाव भरू नका. आधी घरी वही घेऊन बसा. दहावीनंतरचं प्रत्येक वर्ष एका ओळीवर लिहा आणि त्या वर्षी हाताने जे जे केलंत ते पुढे मांडा. पगार मिळाला की नाही, हे आत्ता बघू नका. काकांच्या किराणा दुकानात दोन सुट्ट्या बसलात, तेही लिहा. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवल्या, शेजाऱ्याची रिक्षा चालवली, ग्रामपंचायतीत ऑपरेटरच्या हाताखाली दाखले टाइप केले, घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊन त्यांचं चहापाणी बघितलं, सगळं येऊ द्या.

मग एकेका कामाला प्रश्न विचारा. नेमकं काय करत होता? किती? कशाने, म्हणजे कुठलं यंत्र, कुठलं हत्यार, कुठलं सॉफ्टवेअर? एकटे की कुणाच्या हाताखाली? पैसे किंवा माल तुमच्या ताब्यात असायचा का? काही बिघडलं तेव्हा निस्तरलं कुणी? यातला शेवटचा प्रश्न सोडू नका. मुलाखतीत सांगण्यासारखं बहुतेक त्याच्याच उत्तरात सापडतं.

ही यादी करताना आईला किंवा मोठ्या बहिणीला जवळ बसवा. आपण काय काय करतो ते घरच्यांना आपल्यापेक्षा जास्त आठवतं.

पायरी 2: विशेषणं काढा, काम लिहा

"मेहनती, प्रामाणिक, होतकरू" हे शब्द प्रत्येक बायोडेटात असतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून घसरते. ती जागा कामाला द्या. देवगडच्या एखाद्या मुलाने असं लिहिलंय समजा:

"आंब्याच्या बागेत काम केले आहे. मेहनती व प्रामाणिक."

त्याच मुलाने वही भरल्यावर असं लिहिता येतं:

"2021 ते 2024, दरवर्षी मार्च ते मे: घरची हापूस बाग, 150 कलमे. झेल्याने देठासह काढणी, वजनानुसार प्रतवारी, पेट्या भरणे. काढणीच्या दिवसांत 8 मजुरांची हजेरी व मजुरी. वाशीला माल पाठवणे व पट्टीचा हिशेब ठेवणे."

मुलगा तोच आणि बागही तीच. पण दुसरं वाचून फळप्रक्रिया कारखान्याच्या मॅनेजरला लगेच कळतं की मालाची निवड याला समजते, माणसांकडून काम करून घेता येतं आणि पैशाचा हिशेबही येतो. झेला म्हणजे फळ काढायची जाळी लावलेली लांब काठी, आणि "देठासह" हा एक शब्द तर सोडूच नका. देठ न ठेवता फळ काढलं तर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. हे ज्याला माहीत आहे तो बागेत खरंच राबलेला आहे, हे जाणकार एका वाचनात ओळखतो. प्रत्येक धंद्यात असे शब्द असतात. तुमच्या कामातले कुठले ते शोधा आणि तेच वापरा.

काजूचंही तसंच. वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग या बाजूला कितीतरी बायका वर्षानुवर्षं काजू कारखान्यात जातात, आणि विचारलं की "काजू सोलायला जाते" एवढंच सांगतात. ग्रेडिंगवर बसलेली बाई डब्ल्यू 240 आणि डब्ल्यू 320 नजरेने वेगळे करते. डब्ल्यू 240 म्हणजे एका पौंडात 220 ते 240 गर, डब्ल्यू 320 म्हणजे 300 ते 320. अख्खा, पाकळी आणि तुकडा वेगळा काढायचा, करपलेला बाजूला टाकायचा, आणि हे सगळं वेगात. माल तपासणीच्या कुठल्याही कामात हाच हात आणि हीच नजर लागते. म्हणून "काजू ग्रेडिंग, 4 वर्षे, डब्ल्यू 180 ते डब्ल्यू 320 आणि तुकडा" असं लिहा. दिवसाला किती किलो होतं तेही लिहा, पण खरा आकडा.

बचत गटाचं काम बायका सहसा लिहीतच नाहीत. ज्या गटाच्या सचिव किंवा कोषाध्यक्ष आहात त्याचं इतिवृत्त लिहिता, वसुली करता, बँकेत कर्जप्रकरणाचे कागद नेता. दुकान, पतसंस्था, हॉस्पिटलचा काउंटर, शाळेचं कार्यालय, या ठिकाणी नेमकं हेच लागतं. "2019 पासून बचत गटाची कोषाध्यक्ष, 11 सदस्य, मासिक वसुली व हिशेबवही, बँक कर्जाची परतफेड" ही ओळ "गृहिणी" या एका शब्दाच्या जागी गेली की वाचणारा थांबतो.

पायरी 3: हंगाम समजावून सांगा

आपल्याकडची बरीच कामं वर्षभर चालत नाहीत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा खलाशी घरी असतो. आंबा मार्च ते मे. तारकर्ली-मालवणचं स्कूबा आणि वॉटर स्पोर्ट्स पावसाळ्यात बंद. हॉटेलांत दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात माणसं कमी पडतात, श्रावणात तीच जास्त होतात. असा माणूस बायोडेटा लिहितो तेव्हा मधे मधे महिने रिकामे दिसतात. पुण्या-मुंबईहून बदलून आलेल्या एचआरला वाटतं, हा कुठेच टिकत नाही.

यावर सोपा उपाय आहे. दरवर्षीचे तुकडे वेगळे लिहू नका, एकत्र बांधा: "2020 ते 2024, सलग 4 हंगाम (ऑक्टोबर ते मे), त्याच मालकाकडे, मालवण. पावसाळ्यात घरची भातशेती." यातले "त्याच मालकाकडे" हे शब्द फार मोलाचे आहेत. मालकाने चार वर्षं परत बोलावलं, याहून मोठं प्रशस्तिपत्र हंगामी कामगाराला मिळत नाही.

हंगामामुळे नसलेला खंडही एका ओळीत आणि खरा लिहा. "2022-23: वडिलांचे आजारपण, घरी." "2016 ते 2021: मुले लहान असल्याने घरी." याहून जास्त खुलासा देऊ नका आणि माफीच्या सुरात तर मुळीच लिहू नका. पण खंड झाकायला तारखा ओढूनताणून जुळवू नका. पुढे पीएफचा रेकॉर्ड बघितला की तफावत दिसते, आणि मग तुमच्या खऱ्या ओळींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मुंबईहून परतलेल्यांना मालक तोंडावर विचारत नाही, पण मनात एक प्रश्न असतो: हा चार महिन्यांनी परत जाणार का? तुम्हीच आधी सांगून टाका. "आई-वडील गावी, घर गावी, कायमचा परतलो आहे." किंवा खरंच दोन वर्षांसाठीच आला असाल तर तसं. मुंबईचा पगार आणि इथला पगार यातला फरक मान्य आहे, हेही बोलून टाका, म्हणजे मालकाला उगाच अंदाज बांधत बसावं लागत नाही.

पायरी 4: येतं म्हणजे किती येतं?

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव इथल्या रासायनिक कारखान्यांत बीएस्सी केमिस्ट्री झालेली आणि आयटीआयला एओसीपी (रासायनिक कारखान्यातल्या ऑपरेटरचा ट्रेड) केलेली मुलं अर्ज करतात. बहुतेकांच्या बायोडेटात "एचपीएलसी, जीसी, टायट्रेशन येते" असं, म्हणजे रसायनं तपासायच्या सगळ्या पद्धती येतात असं, एकाच दमात लिहिलेलं असतं. लॅबचा प्रमुख पहिलाच प्रश्न विचारतो, "एचपीएलसीला कॉलम कोणता वापरला होता?" आणि मुलगा गप्प होतो. मशिन कॉलेजात होतं, सरांनी एकदा चालवून दाखवलं होतं, एवढंच घडलेलं असतं.

म्हणून प्रत्येक कौशल्यापुढे तीनपैकी एक लिहा: पाहिलं आहे, हाताखाली केलं आहे, एकट्याने करतो. "टायट्रेशन: एकट्याने करतो. एचपीएलसी: पाहिले आहे." असा कागद वाचणाऱ्याला फार आवडतो, कारण माणूस कुठे बसवायचा ते त्याला लगेच कळतं. फ्रेशरला सगळं येत असेल अशी अपेक्षा कुणी करत नाही. येतं म्हणाला आणि आलं नाही, तर मात्र धोका आहे. रसायनांच्या कारखान्यात त्यातून एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं.

भाषांनाही हीच मोजपट्टी लावा. "इंग्रजी: वाचून समजते, ईमेल लिहिता येतो, बोलताना अडखळतो" हे लिहायला लाजू नका. मालवणी किंवा कोंकणी येत असेल तर तीही लिहा. सावंतवाडी-दोडामार्गची मुलं गोव्यात कामाला जातात, तिथे कोंकणी येणं उपयोगी पडतं. रत्नागिरीच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात परप्रांतीय कामगार असतात, तिथे सुपरवायझरला चांगलं हिंदी लागतं.

आयटीआयवाल्यांनी ट्रेडचं पूर्ण नाव, वर्ष आणि अप्रेंटिसशिप कुठे व किती महिने केली ते लिहावं. नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट हातात असेल तर ती ओळ शिक्षणाच्या तळाशी दडपू नका, वर आणा. काम येतं पण कागद नाही अशांनी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात आरपीएलची चौकशी करावी. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची ही सोय आहे. त्याच केंद्रात महास्वयम् पोर्टलवरच्या नोंदणीबद्दलही विचारून घ्या.

बारावी नापास असाल तर "बारावी" एवढंच लिहून सोडून देऊ नका. "दहावी उत्तीर्ण, 2018. बारावीला बसलो, दोन विषय राहिले" असं लिहा. गुणपत्रिका कधी ना कधी मागितली जातेच.

पायरी 5: नाव आणि कागद

बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर तर नाव, मधलं नाव आणि आडनाव, तिन्ही बदललेली असू शकतात. नोकरी मिळाल्यावर पीएफच्या नोंदणीत हे अडतं, म्हणून आधीच बघून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर बायोडेटात एक ओळ घाला, "दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव: अमुक", आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत.

गुणपत्रिका फाटली किंवा पुरात गेली असेल (चिपळूण, महाडच्या लोकांना 2021 च्या जुलैचं वेगळं सांगायला नको) तर डिजिलॉकर बघा, राज्य बोर्डाच्या गुणपत्रिका तिथे मिळतात.

जुन्या कंपनीने अनुभवाचं पत्र दिलं नाही किंवा ती बंदच पडली, ही मुंबईहून आलेल्यांची नेहमीची अडचण. पीएफ कापला जात असेल तर तुमच्या यूएएन (पीएफच्या क्रमांकाच्या) खात्याच्या सर्व्हिस हिस्टरीत कंपनीचं नाव आणि तारखा असतात. तेवढा पुरावा चालतो. सोबत जुन्या पगारपावत्या किंवा पासबुकातल्या पगाराच्या नोंदी ठेवा.

मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवा आणि परत घ्या. अर्जासोबत आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या. आणि नोकरीच्या आधी फॉर्म, युनिफॉर्म, ट्रेनिंग अशा नावाखाली पैसे मागणारा भेटला तर तिथूनच मागे फिरा. जहाजावर जाणाऱ्या मुलांना हे दोनदा सांगावंसं वाटतं: एजंटकडे डीजी शिपिंगचा (जहाजवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा) आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरण्याचा परवाना आहे का, ते त्याच्या ऑफिसातल्या फ्रेमवर विसंबून न राहता डीजी शिपिंगच्या यादीत स्वतः तपासा.

पायरी 6: एक पान

आता वहीतलं निवडा. वरती नाव, गाव-तालुका, फोन. मग कुठलं काम हवंय ते एका ओळीत. मग अनुभव, सगळ्यात अलीकडचा आधी. मग शिक्षण, भाषा, वाहन परवाना, कधीपासून रुजू होऊ शकता. झालं. लग्नाच्या बायोडेटातल्या उंची, वर्ण, जात, कुलदैवत, मामाचं कूळ या गोष्टी इथे येत नाहीत.

प्रत्येक ठिकाणी एकच पान पाठवू नका. तारकर्लीच्या रिसॉर्टसाठी घरच्या खोल्या पर्यटकांना दिल्याचा अनुभव वर घ्या, कॅनिंग कारखान्यासाठी बाग वर घ्या. मासळीच्या कोल्ड स्टोरेजसाठी अर्ज असेल आणि होडीवर काम केलं असेल तर मासळीची जात आणि आकार ओळखणं, बर्फात रचणं, बंदरावरचं वजन हे वर यायला हवं. गोठवलेला माल उणे 18 अंशांवर ठेवतात हे ठाऊक असेल आणि त्या थंडीत काम केलं असेल तर तेही लिहा, कारण तिथे टिकणारी माणसं मिळणं अवघड असतं.

ओळखीचे म्हणून दोघांची नावं द्या, पण आधी त्यांना विचारून. त्यात तुमचं काम बघितलेला एक तरी माणूस हवा: जुना मालक, तांडेल (होडीचा प्रमुख), आयटीआयचे निदेशक. सरपंचांचं पत्र चांगल्या वर्तणुकीपुरतं ठीक, कामाबद्दल ते काय सांगणार?

पायरी 7: पाठवणं आणि फोन

व्हॉट्सॲपवर कागदाचा वाकडा फोटो पाठवू नका. पीडीएफ करा, फाइलला स्वतःचं नाव आणि कामाचं नाव द्या. सोबत चार ओळी पुरतात: "नमस्कार. मी अमुक, राहणार कुडाळ. आपल्याकडे स्टोअरकीपरची जागा असल्याचे कळले. किराणा होलसेल दुकानात 3 वर्षे स्टॉक आणि बिलिंग केले आहे. बायोडेटा जोडला आहे."

घरी रेंज नसेल तर ते लिहून टाका: "संध्याकाळी 5 नंतर फोन लागतो, अन्यथा या नंबरवर निरोप द्यावा." दोनदा "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकलं की माणूस यादीतल्या पुढच्या नावाकडे जातो.

पायरी 8: समोरासमोर

इथला मालक पहिल्यांदा गाव विचारतो. "खंयचो तू? कोणाचो झील?" (कुठला तू? कुणाचा मुलगा?) हे ऐकून अवघडू नका. उत्तर द्या आणि लगेच कामावर या. ओळख निघाली तर आनंदच आहे, पण ओळखीवर बसून राहू नका.

हॉटेल आणि खानावळीत बोलण्यापेक्षा ट्रायल मोठी. कुकला दोन किलो बांगडे देतात आणि तिखलं करायला सांगतात. बघणारा फक्त चव बघत नाही. मासे किती वेळात साफ झाले, तिरफळं ठेचून किती आणि कधी घातली, ओटा मागे कसा ठेवला, सुरी धुतली का, हे सगळं तो बघत असतो. बायोडेटात "मालवणी जेवण येते" लिहिण्याआधी घरी वेळ लावून करून बघा. ड्रायव्हरला घाटात गाडी चालवायला लावतात, टायपिस्टला मराठी पत्र देतात. ट्रायल दिवसभराची असेल तर त्या दिवसाचे पैसे मिळणार का, हे आधी विचारणं अगदी योग्य आहे.

"अडचण आली तेव्हा काय केलंत?" हा प्रश्न येईलच. पायरी 1 मधलं शेवटचं उत्तर इथे काढा आणि घडलं तसं सांगा: ट्रक आला नाही, पेट्या भरून तयार, मग कुणाला फोन केला, माल कुठे ठेवला, किती नुकसान झालं. नुकसान झालं असेल तर तेही सांगा.

गणपतीच्या सुट्टीचं आधीच बोलून घ्या. हॉटेलात त्या दिवसांत गिऱ्हाईक असतं आणि घरी गणपती असतो, आणि नवीन माणूस न सांगता पाच दिवस गायब झाला म्हणून नोकऱ्या गेल्या आहेत. "दीड दिवसाचा गणपती आमच्याकडे, तेवढे दोन दिवस लागतील" असं मुलाखतीतच सांगितलं तर मालक पाळी लावून देतो.

उठण्याआधी हातात किती पगार, पीएफ कापणार का, राहणं-जेवण आहे का, पावसाळ्यात काम चालू असतं का, एवढं विचारून घ्या. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एक फोन करा, नाही म्हणाले तर धन्यवाद म्हणा आणि पुढच्या हंगामात विचारलं तर चालेल का ते विचारा. इथे पुष्कळ जागा अशाच भरतात.

रुजू झाल्यावर ती वही टाकू नका. नवीन मशिन हाताळलं, नवी जबाबदारी आली की तारीख घालून एक ओळ लिहा. पगारपावती दर महिन्याला मागून घ्या. नोकरी सोडताना अनुभवाचं पत्र घ्या, आणि पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते बघा. मालकाने ती चढवली नसेल तर शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर तुम्हाला स्वतःलाही ती टाकता येते.